गल्लीची रुंदी

अप्पा, आज सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे लेखी जबाब देऊन आले. दोन पानं झाली, तिसऱ्या पानावर फक्त सही. जबाब त्या गावातल्या अग्रहाराच्या गल्लीबद्दल आहे, म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या. तिथला नकाशा तुम्ही काढला होता आणि पंधरा वर्षांनी तो मी दुरुस्त केला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहीत आहे, आणि ज्याचा उपयोग नाही ते लिहायची सवय तुम्ही मला लावली नाहीत. तरी आज लिहिते आहे. जबाबात जे मावलं नाही ते एकदा क्रमाने मांडून पाहायचं आहे.

तुमचं टेबल अजून स्वयंपाकघरातच आहे. उत्तरेची खिडकी घरात तेवढी एकच, आणि उत्तरेचा उजेड दिवसभर जागचा हलत नाही. ट्रेसिंगच्या कापडाला वाफ चालत नाही, घामाचा थेंब पडला तरी खळ सुटून पांढरा डाग राहतो. म्हणून नकाशा पसरलेला असला की दुपारी तीनपर्यंत चूल पेटायची नाही. आई पहाटेच सगळं उरकायची आणि आम्ही गार सारू, म्हणजे चिंचेचं सार, आणि गार भात खायचो. "या घरात महाराजांचा मुलूख आधी शिजतो, मग तांदूळ," ती म्हणायची. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मुलूख उतू जात नाही. भात जातो." तेवढाच तुमचा विनोद, पण आई तो दर वेळी नवा असल्यासारखा ऐकायची. आपल्या घराण्यात तलवार होती असं ती सांगायची. पूर्वज घोड्यावरून या मुलखात आले, कोणाच्या तरी बाजूने लढले आणि इथेच राहिले. तुम्ही ती तलवार मला कधी दाखवली नाहीत. तुम्ही साखळी दाखवलीत. तेहतीस फुटांची मोजणीची साखळी, तिचे सोळा भाग, एका भागाला एक आणा म्हणायचं. दोन फूट पाऊण इंच म्हणजे एक आणा. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला एकदाच रागावलात. मोजणीच्या वहीत मी सहाच्या जागी आठ लिहिला होता आणि रबराने खोडून सहा केला होता. तुम्ही वही मिटलीत. "वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे." मग थोडं थांबून, "जमीन जे सांगते ते वहीत. वहीत जे आहे ते कागदावर. मधे आपण नाही." दोन दिवस तुम्ही मला वहीला हात लावू दिला नाहीत. मी रडले नाही. तिसऱ्या दिवशी वही परत दिलीत तेव्हा माझ्या आकड्यांचं वळण बदललं होतं. ते आजही तसंच आहे. नऊचं शेपूट मी डावीकडे वळवत नाही, सरळ खाली सोडते.

पुढच्या वर्षी तुम्ही मला त्या गावी नेलंत. तुमचा वही लिहिणारा कारकून तापाने पडला होता आणि शाळेला सुट्टी होती. आईने नको म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तिचे आकडे त्याच्यापेक्षा बरे आहेत." मी गाडीत तुमच्या शेजारी बसले आहे, मांडीवर वही, पायाशी साखळीची पिशवी. ती दर खड्ड्याला वाजते. गावात एक लिंगायत मठ आहे आणि एक अग्रहार, म्हणजे समोरासमोर ब्राह्मणांच्या घरांची एक गल्ली. मठाच्या उत्सवात गुरूंची पालखी निघते. ती आडवी पालखी असते. तिचा दांडा वाटेच्या दिशेने नसतो, वाटेला आडवा असतो, भोई दोन बाजूंना शेजारी शेजारी चालतात आणि पालखी सगळा रस्ता व्यापून पुढे सरकते. हाच गुरूंचा मान. अग्रहाराचं म्हणणं असं की आमच्या दारातून आडवं जायचा मान फक्त आमच्या देवाचा. मठाचं म्हणणं असं की रस्ता सरकारचा आणि मान आमचा. दरवर्षी उत्सवाला काठ्या निघतात. शेवटी तालुक्याच्या अमलदारांनी तुम्हाला पाठवलं आहे. गावठाणाची मोजणी करा आणि ही गल्लीही मोजून टाका, म्हणजे मला निकाल देता येईल.

गल्लीच्या तोंडाशी दोघे उभे आहेत. अग्रहाराचे शास्त्री, किडकिडीत, हातात तपकिरीची डबी. मठाचे कारभारी, अंगाने भरलेले, कपाळावर भस्म, उन्हासाठी छत्री. ते कन्नडमध्ये बोलतात आणि तुम्हीही. मला ते सगळं मराठीत आठवतं.

"मोजणीदार, आधी यांची पालखी मोजा," शास्त्री म्हणतात. "पालखी आडवी, बोलणं आडवं, सगळंच आडवं."

"आणि तुमचं सगळं सरळ," कारभारी म्हणतात. "म्हणून तपकीर सरळ धोतरावर पडते."

शास्त्री धोतर झटकतात. "ही गल्ली माझ्या पणजोबांनी झाडली आहे."

"माझे पणजोबा तिच्यावरून चालले म्हणून झाडावी लागली. दोघांचीही झाली."

तुम्ही हसत नाही. विचारता, "दांडा केवढा आहे?"

"आठ आणे," कारभारी म्हणतात. "साडेसोळा फूट."

साखळीवाला एका भिंतीशी टोक धरतो आणि तुम्ही दुसऱ्या भिंतीपर्यंत साखळी ओढता. ती ताणली जाते. मी तुमच्या खांद्यामागून वाकून बघते आणि वहीत लिहिते, नऊ. भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ आणे, पूर्ण, वर काही नाही. तुम्ही साखळीजवळ उकिडवे बसून राहता. एवढं बघायला तुम्हाला कधी वेळ लागत नाही. शास्त्री आणि कारभारी दोन्ही बाजूंनी वाकलेले आहेत. दोघांच्याही जमिनी आहेत, दोघांच्या हद्दीचे तंटे झालेले आहेत. अशा माणसाला साखळी वाचता येतेच.

"किती?" शास्त्री विचारतात.

तुम्ही उठता, गुडघे झटकता. "सात."

साखळीवाला तोंड उघडतो. "गुंडाळ," तुम्ही त्याला सांगता. तो गुंडाळू लागतो. कारभारी खाली बघत आहेत, जिथून साखळी आत्ता उचलली त्या धुळीकडे. तिथे साखळीचा ठसा अजून दिसतो आहे.

"सात असेल तर आठाचा दांडा आडवा जायचा नाही," ते शेवटी म्हणतात. "इथे चाळीस पावलं पालखी सरळ करावी लागेल. गुरूंना सांगतो, काय करणार, गल्ली अरुंद आहे."

"अरुंदच आहे," शास्त्री म्हणतात. "लहानपणापासून बघतो आहे."

"लहानपणीही अरुंद होती?"

"तेव्हा जास्तच."

साखळी पिशवीत जाते. मग शास्त्री डबी कमरेला खोचतात आणि कारभाऱ्यांकडे न बघता म्हणतात, "पालखी येते तेव्हा आमची दारं बंद असतात. ते काही बरं दिसत नाही. यंदा उघडी राहतील. बायका पुढे पाणी शिंपतील. धुळीसाठी."

"धुळीसाठी," कारभारी म्हणतात, आणि छत्री उघडून निघून जातात.

परतीच्या वाटेवर गाडी नदीजवळ आली तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, नऊ होते." तुम्ही म्हणालात, "होते." मी वही उघडून तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती घेतली नाहीत. विचारलंत, "काय लिहिलं आहेस?" मी म्हटलं, नऊ. "मग नऊच राहू दे." पुढे म्हैसूरपर्यंत तुम्ही गाडीवानाशी बैलांच्या खुरांबद्दल बोललात. घरी आल्यावर तुम्ही स्वतःचं रूलिंग पेन मला दिलंत, हस्तिदंती दांड्याचं, स्क्रूने रेघेची जाडी बदलायचं. तुमच्या मोजणीच्या पेटीतली ती सगळ्यात चांगली वस्तू होती. तुम्ही काही सांगितलं नाहीत. ते बक्षीस होतं की विनंती होती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

महाराणींच्या शाळेत मला इतिहास होता. त्यात लढाया होत्या आणि लढाईनंतर तह होते. मुलूख कोणाकडून कोणाकडे गेला, कोणी कोणत्या देवळाला जमीन लावून दिली आणि कोणत्या दर्ग्याला, कोणत्या राजाने कोणाच्या पाया पडून कोणाला गप्प केलं. आमच्या बाई म्हणायच्या, ही सगळी वळणं ध्यानात ठेवा, परीक्षेला येतात. प्रत्येक तहाला सह्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक तह मोडला होता. त्या गल्लीच्या तहाला सही नव्हती, कागद नव्हता. कागद होता तो फक्त गल्लीच्या रुंदीचा, आणि तो चुकीचा होता. तो पंधरा वर्षं टिकला. दरवर्षी पालखी आडवी येई, अग्रहाराच्या तोंडाशी थांबे, भोई खांदे बदलत, दांडा सरळ होई, उघड्या दारांमधून चाळीस पावलं जाई आणि पलीकडे पुन्हा आडवी होई. कोणीच कोणाला वाट दिली नव्हती. दोष भिंतींचा होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव ते सांभाळत होतं. मी हे नंतर समजून घेतलं. नकाशा दुरुस्त करणाऱ्याने ते आधी समजून घ्यायला हवं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सतरा वर्षांची होते. कचेरीने दया म्हणून घरी ट्रेसिंगचं काम द्यायला सुरुवात केली आणि चार वर्षांनी मला तिथे टेबल दिलं, कोपऱ्यात, मधे पडदा लावून. पहिल्याच दिवशी माझ्यावरचे अधिकारी माझ्या रेघांत चूक शोधत असल्यासारखे कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "रेघा सुरेख आहेत, अम्मा. पण हे रांगोळीचं काम नाही." पाच वर्षं मी काही बोलले नाही. माझ्या कागदात त्यांना एक चूक सापडली नाही, आणि प्रत्येक कागद घेताना ते ती शोधत आहेत हे मला पडद्याआडूनही कळायचं.

दोन वर्षांपूर्वी जुन्या गावठाणांचे नकाशे नव्याने काढायचं ठरलं. जुना कागद आणि जुनी वही शेजारी ठेवायची, ताडून पाहायचं, स्वच्छ प्रत करायची. तुमच्या हातचे कागद माझ्या वाट्याला आले. त्यात ते गाव होतं. वहीत नऊ, कागदावर सात. फरक दोन आणे, चार फूट दीड इंच. त्या प्रमाणावर कागदावर एका इंचाचा दहावा भाग. नियम सरळ होता, वहीत जे आहे ते कागदावर. मी तुमच्याच पेनने ती भिंत एका इंचाच्या दहाव्या भागाने मागे नेली आणि समासात दुरुस्तीची नोंद करून सही केली. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. तुमचं नाव त्या कचेरीत अजून आदराने घेतात. ते म्हणाले, "अम्मा, बाप चुकला, लेक चुकली नाही." बाहेरच्या टेबलांवरच्या लोकांनाही ते ऐकू गेलं.

नव्या कागदाची प्रत गावच्या चावडीत गेली. कारभारी तोवर वारले होते. त्यांच्या जागी आलेला माणूस म्हैसूरला शिकलेला, नकाशा वाचणारा. त्याने विचारलं, गल्ली नऊ आण्यांची आहे, दांडा आठाचा, तर आपले गुरू इतकी वर्षं सरळ का जात होते? प्रश्न बरोबर होता. मला कोणी विचारला असता तर मीही बरोबरच म्हटलं असतं. त्या वर्षी पालखी अग्रहाराच्या तोंडाशी थांबली नाही. समोर गल्लीत कोणी तरी आडवी गाडी लावली होती. दारं बंद झाली. छपरांवरून दगड आले, खालून मशाली गेल्या. एक भोई दांड्याखाली सापडून मेला. तीन घरं जळली. आता गल्लीच्या दोन्ही टोकांना पोलिसांनी बांबू बांधले आहेत आणि पालखी कशीच जात नाही, आडवी नाही आणि सरळही नाही. अग्रहारातली निम्मी घरं रिकामी आहेत.

हे मला त्या शास्त्र्यांनी सांगितलं. मागच्या महिन्यात ते आपल्या घरी आले. फार थकले आहेत. आईने पाट दिला तर पाटावर बसवेना, म्हणून ते तुमच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. तपकिरीची डबी तीच होती.

"नवा कागद तू काढलास म्हणे," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"पाहिला मी. अक्षर छान आहे." मग ते खिडकीकडे बघत राहिले. "तुझे वडील फार मोठे खोटारडे होते, मगू. तसा माणूस या राज्यात पुन्हा व्हायचा नाही."

ते मला लेकरू म्हणत होते आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं. मी म्हटलं, "दुरुस्तीवर दुरुस्ती करता येते. मी अर्ज करून पुन्हा मोजणी मागते. वेगळा आकडा..."

"आता सात लिही, सहा लिही," ते म्हणाले. "गावातलं प्रत्येक पोर ती गल्ली पावलांनी मोजून आलं आहे. एकदा रुंद दिसली ती दिसली." जाताना दारात थांबून त्यांनी आईला विचारलं, "ही स्वयंपाक करते का हो?" आई म्हणाली, "वेळ मिळाला तर." "मग थोडं मीठ कमी जास्त चालतं हे तिला ठाऊक असेल," ते म्हणाले आणि काठी टेकत गेले.  त्या दिवशी टेबलावर नकाशा होता तरी आईने दुपारी एक वाजताच चूल पेटवली.

आज त्या दंगलीच्या चौकशीत मला तीन प्रश्न होते. जुन्या नकाशात चूक होती का? मी लिहिलं, होय, दोन आण्यांची. चूक कशी झाली हे सांगता येईल का? मी लिहिलं, नाही. मोजणीच्या वहीतले आकडे कोणाच्या हातचे आहेत? मी लिहिलं, बहुधा त्या वेळच्या एखाद्या कारकुनाचे, ओळखता येत नाही. अधिकारी सभ्य होते. त्यांनी वही माझ्यापुढे उघडी ठेवली होती आणि तो नऊ माझ्याकडे बघत होता, शेपूट सरळ खाली. मी खरं लिहिलं असतं तर तुम्ही जाणूनबुजून खोटा नकाशा काढणारे सरकारी नोकर ठरला असता आणि तुमच्या हातचा प्रत्येक कागद पुन्हा उघडला असता, प्रत्येक गावची प्रत्येक भिंत. त्यातल्या आणखी किती भिंती तुम्ही अशा सरकवल्या आहेत हे मला माहीत नाही आणि मला ते कळायला नको आहे. म्हणून मी चूक असंच म्हटलं. हे कारण खरं आहे. पुरेसं नाही.

भिंत हलवण्याआधी शास्त्र्यांना मी एक कार्ड टाकून विचारू शकले असते. दोन दिवस लागले असते. पण विचारायची गरजच नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती वही उघडली तेव्हा मला माझा आकडा पहिल्याच क्षणी ओळखू आला होता. गाडी आठवली, धुळीतला साखळीचा ठसा आठवला, "मग नऊच राहू दे" आठवलं. सगळं आठवत असताना मी पेनचा स्क्रू फिरवून रेघ बारीक केली आणि भिंत मागे नेली. माझ्या कागदात चूक शोधणाऱ्या त्या माणसाला एकदा तुमच्या कागदात सापडावी, आणि ती मी दाखवावी, एवढंच मला हवं होतं. त्या संध्याकाळी कचेरीतून घरी येताना मी बाजारातून मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घेतला. मी कधी घेत नाही. आईने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, स्वस्त होता. तो मी झोपेपर्यंत काढला नाही.